काठी टेकत आठशे वर्षांच्या जंगलात

मुलाकडे नाही तर मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील आता तालुक्याच्या गावीही नवलाचे राहिलेले नाहीत. निघण्याआधी ते दवाखान्यात येतात, रक्तदाब मोजून घेतात, तीन-चार महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, मुलगा म्हणतो तिकडे जवळच एक फार जुनं जंगल आहे. सगळे जाणार आहेत. पण आमचे गुडघे हे असे. आम्ही आपले गाडीतच बसतो, काय?"

मुलगा सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहत असेल तर ते जंगल बहुधा म्यूर वुड्स असते. आणि ते म्यूर वुड्स असेल तर माझे उत्तर ठरलेले आहे. गाडीत बसू नका.

"तुम्ही जाऊन या, आम्ही इथे बसतो" हे वाक्य आपल्याकडे साठीनंतर फार लवकर तोंडात बसते. त्यात समजूतदारपणा असतो, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको ही भावना असते. मुलेही ते चटकन मान्य करतात. त्यांना वाटते, आई-बाबांना त्रास कशाला. पण डॉक्टरच्या खुर्चीतून पाहिले तर हे वाक्य गुडघेदुखीचे एक लक्षणच आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू दुबळे होतात, आणि गुडघ्याला सावरून धरणारे मुख्य स्नायू नेमके तेच. ते ढिले पडले की गुडघा जास्त दुखतो, चालणे आणखी कमी होते, वजन वाढते. पुढच्या वर्षी माणूस गाडीत बसायलाही येत नाही, घरीच थांबतो. झीज क्ष-किरणात जेवढी दिसते त्याहून अधिक अपंगत्व या बसून राहण्याने येते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

म्हणून प्रश्न "चालावे की नाही" असा नसतो. कोणत्या वाटेवर चालावे, असा असतो. म्यूर वुड्सबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण हेच की तिथली वाट चांगली आहे.

जंगल कसे वाचले

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडून साधारण वीस किलोमीटरवर एका अरुंद दरीत हे जंगल आहे. एकूण क्षेत्र ५५४ एकर. त्यातले सुमारे २४० एकर मूळचे, कधीच न तोडलेले. झाडे कोस्ट रेडवुड या जातीची, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच वृक्षाची. इथले सर्वांत उंच झाड २५८ फूट, म्हणजे कुतुबमिनाराहून थोडे उंचच. मोठी झाडे बहुतेक ५०० ते ८०० वर्षांची आहेत. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती तेव्हा यातली काही झाडे चांगली रुजून वर चालली होती, असा हिशेब केला की वय ध्यानात येते.

सॅन फ्रान्सिस्को शहर वाढले तसे भोवतालचे रेडवुड तुटत गेले. ही दरी अडचणीच्या जागी असल्याने राहिली. १९०५ साली विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ६११ एकर जमीन ४५ हजार डॉलरला विकत घेतली. दोनच वर्षांनी एका पाणीपुरवठा कंपनीने तिथे धरण बांधून दरी बुडवायचे ठरवले आणि त्यासाठी सक्तीने जमीन घेण्याची कारवाई सुरू केली. केंट यांनी यावर मोठी युक्ती केली. २९५ एकरांचा मूळ जंगलाचा भाग त्यांनी सरकारलाच देऊन टाकला. सरकारची जमीन कंपनी कशी घेणार? ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. रूझवेल्ट केंट यांचे नाव द्यायला तयार होते. केंट यांनी नको म्हटले आणि निसर्गरक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या जॉन म्यूर यांचे नाव सुचवले. दान देऊन पाटीवर आपले नाव न लावणारा माणूस विरळाच, म्हणून एवढे सांगितले.

मुळांसाठी केलेली वाट

आता मुद्द्याची गोष्ट. एवढे प्रचंड झाड, पण त्याची मुळे खोल नसतात. जेमतेम दहा-बारा फूट खाली जातात आणि आडवी मात्र साठ-ऐंशी फूट आणि त्याहूनही लांब पसरतात, शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. दरसाल लाखो माणसे त्यांच्यावरून चालली तर माती दगडासारखी घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. म्हणून दरीतल्या मुख्य वाटेवर पुष्कळ ठिकाणी जमिनीपासून उचललेला लाकडी फळ्यांचा मार्ग केला आहे. बाकी भाग डांबरी वा पक्का आहे. झाडांच्या मुळांवर पाय पडू नयेत यासाठी केलेली ही सोय माणसाच्या गुडघ्यांनाही तेवढीच मानवली. वाट जवळजवळ सपाट आहे, रुंद आहे, चाकाची खुर्ची सहज जाते, नातवंडाची बाबागाडी जाते, काठीवाले आजोबा जातात.

रेडवुड क्रीक नावाचा ओढा मधून वाहतो आणि त्यावर चार पूल आहेत. हे पूल आपल्या कामाचे, कारण ते मोजमाप आहेत. दुसऱ्या पुलापर्यंत जाऊन परत आलात तर सुमारे ८०० मीटर, अर्धा तास. तिसऱ्या पुलाहून परतलात तर दीड किलोमीटरच्या थोडे वर, एक तास. चौथ्या पुलावरून फेरा मारला तर सुमारे २.४ किलोमीटर, दीड तास. मात्र या मोठ्या फेऱ्यात परतीची वाट डोंगराच्या कडेने जाते आणि तिथे चढउतार आहेत, वाट मातीची आहे. तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्यांनी तिसऱ्या पुलापर्यंत जावे आणि दरीतल्या सपाट वाटेनेच मागे यावे. तरुण मंडळींना पुढे जायचे असेल तर जाऊ द्या. तुम्ही परत येईपर्यंत तीही येतील.

माझ्या मते अशा वाटेचा खरा गुण तिच्या सपाटीत जितका आहे तितकाच या मोजमापात आहे. पुढे काय आहे, किती आहे आणि मागे कुठून फिरता येईल, हे आधी कळले की दुखऱ्या पायाच्या माणसाची निम्मी भीती जाते. आपल्याकडच्या ठिकाणी विचारले तर उत्तर मिळते, "हे काय, इथेच आहे, पाच मिनिटं." ती पाच मिनिटे कशी असतात हे आपण सगळे जाणतो.

गुडघ्यावर भार किती येतो

जर्मनीतील संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच भार मोजणारे सूक्ष्म यंत्र बसवून हे प्रत्यक्ष मोजले आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तो तिपटीच्या थोडा वर जातो आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट होतो. सत्तर किलोच्या बाईंच्या गुडघ्यावर सपाटीवर १७५ किलो आणि पायऱ्या उतरताना सुमारे २४० किलो! गडावर चढताना काही वाटले नाही, उतरताना मात्र जीव गेला, असे लोक सांगतात ते खोटे नसते. याच गणितातून दुसरेही एक सूत्र निघते. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात (२००५) असे आढळले की वजन एक किलोने उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

चालताना थोडे दुखले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. साधा नियम असा : शून्य म्हणजे अजिबात दुखणे नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर चार-पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण ते दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत व्हायला हवे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा दुखणे वाढलेलेच राहिले, तर आदल्या दिवशीचे अंतर जास्त झाले असे समजून पुढच्या वेळी कमी करावे. बंद करू नये.

काठीबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवे पाऊल पुढे पडताना काठीही पुढे पडली पाहिजे. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. जंगलात धुके असते, फळ्या ओल्या असतात, आणि गुळगुळीत झालेले रबर ओल्या लाकडावर सटकते. पाच-दहा रुपये वाचवायला जाऊन खुब्याचे हाड मोडणे परवडत नाही, परदेशात तर मुळीच नाही.

जंगलाने आजार बरा होतो का?

हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो, कारण 'वनस्नाना'चे मेसेज फोनवर सतत फिरत असतात. जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' हा शब्द रूढ केला. जंगलाच्या वातावरणात न्हाऊन निघणे, असा त्याचा भाव. जंगलात संथ फिरल्यावर नाडी आणि रक्तदाब थोडा उतरतो, मनावरचा ताण हलका होतो, असे तिथल्या अनेक प्रयोगांत दिसले. पण बरेचसे प्रयोग थोड्या माणसांवरचे आणि थोड्या काळाचे आहेत. झाडांच्या वासाने कर्करोग पळतो वगैरे जे फोनवर येते, त्यावर विश्वास ठेवून कोणी औषध बंद करू नये.

विश्वास ठेवण्याजोगे काय आहे? १९८४ साली रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, हे खरे. दुसरा अभ्यास इंग्लंडचा, २०१९ चा, सुमारे वीस हजार लोकांचा. आठवड्यात एकूण दोन तास तरी झाडाझुडपांत, मोकळ्यावर घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मन:स्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. हे दोन तास एकदम घालवले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. विशेष म्हणजे जुनाट आजार किंवा अपंगत्व असलेल्यांतही हेच आढळले. अर्थात, ज्यांना बरे वाटते तेच जास्त बाहेर पडतात, असेही असू शकते. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांचा पक्का निवाडा होत नाही.

मी रुग्णांना म्हणतो, वासाचे आणि किरणांचे सोडा. जिथे पाहावेसे, थांबावेसे वाटते तिथे माणूस न कंटाळता तासभर चालतो. घराच्या गच्चीवर वीस फेऱ्या मारायला सांगितल्या तर पाचव्या फेरीला गुडघा आठवतो.

म्यूर वुड्समध्ये आणखी एक गोष्ट आहे, शांतता. कॅथीड्रल ग्रोव्ह नावाच्या भागात बोलू नका, अशी विनंती करणारी पाटी आहे. पाटीने काय होते, असे आपल्याला वाटेल. पण तिथे आवाजाची प्रत्यक्ष मोजणी झाली आहे आणि शांततेची पाटी असताना गोंगाट खरोखर मोजण्याइतका कमी आढळला. ज्यांना ऐकू कमी येते आणि कानातल्या यंत्रातून नुसता कलकलाट ऐकू येतो, त्यांना तिथे जे बरे वाटते ते इतरांना सांगून कळणार नाही. याच भागात १९ मे १९४५ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले देशोदेशीचे प्रतिनिधी आले होते आणि नुकतेच निवर्तलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्यांनी श्रद्धांजली वाहिली होती.

जाण्यापूर्वी एवढे करा

गाडी उभी करायची जागा किंवा तिथवर नेणारी बस, यांपैकी एकाचे आरक्षण आधी करावे लागते. २०१८ पासून हा नियम आहे. ते मुलगा-सून करतील. तुम्ही मात्र सकाळची वेळ घ्यायला सांगा. गर्दी कमी असते, आणि आपल्याकडच्या व तिथल्या वेळेत साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक असल्याने पहिले आठ-दहा दिवस तुम्ही तसेही पहाटे दोनला उठून सगळ्यांच्या उठण्याची वाट बघत असता. दिवसाच्या उजेडात चालण्याने शरीराचे घड्याळही तिथल्या वेळेला लवकर लागते. मात्र विमानातून उतरल्यावर एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागले किंवा अचानक धाप लागू लागली, तर जंगल राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तासन्‌तास बसून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते.

जंगलाकडे जाणारा रस्ता फार वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब असू नये. उलटीची गोळी घेतली तर झोप येते आणि उतरल्यावर तोल जाऊ शकतो. वयस्करांनी, विशेषतः प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी, ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

कपड्यांबाबत हमखास फसगत होते. इकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असते म्हणून लोक पातळ कपड्यांत जातात. तिथे समुद्रावरून धुके येते, ऊन खाली पोचत नाही आणि वर्षभर तापमान साधारण ४ ते २१ अंशांच्या दरम्यान असते. स्वेटर, कानटोपी, पायमोजे हवेत. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, आणि पायात चप्पल नको, मागून बंद असलेला, तळ न घसरणारा बूट हवा.

आता एक नाजूक विषय. वाटेत लघवीला लागेल या भीतीने आपल्याकडच्या बायका, आणि पुरुषही, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर येते, मधुमेह्यांना जास्तच. तिथे स्वच्छतागृह प्रवेशद्वारापाशी आहे, आत वाटेवर नाही. तेव्हा आत शिरण्याआधी जाऊन यायचे आणि पाणी घोट घोट प्यायचे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आत डबे उघडून सहल करायला परवानगी नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्यांच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात टाका.

फोनला तिथे रेंज नसते. चुकामूक झाली तर फोन करू, असे कोणी म्हणत असेल तर मान्य करू नका. आत शिरण्याआधी भेटायची जागा आणि वेळ ठरवा, औषधांची यादी स्वतःच्या खिशात ठेवा.

आणि वाट सोडू नका. वाटेबाहेर 'पॉयझन ओक' नावाचे झुडूप असते, तीन-तीन पानांचे. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. अंगाला लागले तर बिब्बा उतावा तसे उतते, फोड येतात, खाज सुटते. ज्यांना बिब्बा सोसत नाही त्यांनी अधिक जपावे. चुकून लागलेच तर ताबडतोब साबणाने भरपूर पाण्यात धुवावे आणि ते कपडेही वेगळे धुवावेत.

आणि इथे, आपल्याकडे?

अमेरिकेला न जाणाऱ्या वाचकांनी इथवर वाचून सुस्कारा टाकला असेल. पण न तोडलेले जुने जंगल आपल्याकडेही आहे. सह्याद्रीत आणि कोकणात गावोगाव देवराया आहेत. देवाची म्हणून जिथली काटकीही उचलायची नाही, अशी राई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. कितीतरी देवरायांतल्या देवळापर्यंत आता रस्ता झाला आहे, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही झाडांच्या सावलीपर्यंत तरी पोचता येते.

तिथून पुढची रड मात्र आहे. सोय म्हणून आपण जे बांधतो ते बहुधा सिमेंटच्या पायऱ्या असतात, त्याही उंच, कठड्याशिवाय. वर सांगितलेले साडेतीनपटीचे गणित आठवले तर ही सोय कोणाची होते ते कळेल. वीस फूट लांबीला एक फूट चढ, याहून वाट तिखट नसेल तर चाकाची खुर्चीही जाते आणि म्हातारे माणूसही. अमेरिकेत सरकारी जंगलांतील वाटांसाठी साधारण हेच माप धरले जाते. आपल्याकडेही २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. गावात पर्यटनाचा निधी येतो तेव्हा ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारायला हवे की, पायऱ्यांऐवजी एवढी वाट सपाट करून, कडेला कठडा आणि दर पन्नास पावलांवर बसायला दगडी बाक देता येईल का? मुळांवर काँक्रीट न ओतता, एवढे मात्र पाहावे.

तोवर कोठेही जाण्याआधी फोन करून चौकशी करा. पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला कुठे, स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठवर येते. "जवळच आहे" या उत्तरावर समाधान मानू नका, पावले विचारा.

देवराईत जाणाऱ्या मधुमेह्यांसाठी शेवटची सूचना. बऱ्याच देवरायांत पायताण बाहेर काढून आत जाण्याची रीत आहे. ज्यांच्या तळपायांना बधिरपणा आला आहे, त्यांनी अनवाणी आत जाऊ नये. काटा रुतलेला कळत नाही आणि चार दिवसांनी जखम चिघळून माणूस दवाखान्यात येतो. गावकऱ्यांना खरे कारण सांगा. जाड मोजे घालून जायला ते हो म्हणाले तर ठीक, पण परत आल्यावर तळपाय उजेडात, आरसा धरून तपासा. नाही म्हणाले तर वाद न घालता चपला काढायच्या जागीच सावलीत बसा, आणि नातवाला आत पाठवताना त्याला सांगा की, येताना काही तोडून आणू नकोस, काय काय पाहिलेस तेवढे येऊन सांग.